नाव ठेवा, नावं ठेवू नका

मंगळवारची ओपीडी नेहमीसारखीच तुडुंब भरलेली. चौदा महिन्यांचा मुलगा आजीच्या कडेवर, मागे आई-वडील. तक्रार खोकल्याची. सिस्टरनी केसपेपरवरचं नाव वाचायला घेतलं, अडखळल्या, पुन्हा प्रयत्न केला आणि शेवटी पेपरच वर धरून विचारलं, "हा कुणाचा आहे?"

ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्यात ‘हृ’ होतं, दोन जोडाक्षरं होती आणि वडिलांनी ते महिनाभर शोधून काढलं होतं, एवढंच सांगते. "अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाचं नाही मॅडम हे नाव," ते अभिमानानं म्हणाले.

छाती तपासली. साधी सर्दी होती. मुलं तपासताना एक सवय मला लागून गेली आहे. मूल दुसरीकडे बघत असलं, की मागून त्याच्या नावानं हाक मारायची. तशी मारली. तो वळला नाही. पुन्हा मारली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडेच बघत राहिला. आई ओशाळून हसली. आजी मात्र ठसक्यात म्हणाल्या, "नावच असलं ठेवलंय बाई, पोराला ते आपलं वाटतच नाही. मी बाळ्या म्हणते, आत्या सोन्या म्हणते, बाप चॅम्प म्हणतो. त्यानं तरी कशाकशाला ओ द्यायची?"

"बाळ्या म्हटल्यावर वळतो का?" मी विचारलं.

"समोर असला की हसतो."

"आणि पाठमोरा असला की?"

यावर कुणीच काही बोललं नाही.

खोकल्यासाठी आलेलं ते मूल त्या दिवशी कान-नाक-घसा विभागात गेलं. पुढच्या काही आठवड्यांत तपासण्या झाल्या. दोन्ही कानांनी त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं आणि बहुधा जन्मापासूनच येत नव्हतं. घरात मात्र सहा-सात महिने एकच वाद चालू होता. नाव बदलावं की नाही?

मुलाचं नाव वेगळं ठेवावं का, हा प्रश्न हल्ली मला ओपीडीत बरेचदा ऐकू येतो. विचारणाऱ्यांना वाटतं, डॉक्टरांचा याच्याशी काय संबंध? आहे. तो कुठे आहे आणि कुठे नाही, ते या लेखात पाहू.

दगडू, धोंडू आणि बाराव्या दिवसाचं बारसं

मराठी घरात मुलाला चमत्कारिक नाव ठेवणं ही काही आजची फॅशन नाही. दगडू, धोंडू, केरू, भिकू, उकिरडा ही नावं ज्यांनी ठेवली, त्यांना सुंदर नावं सुचत नव्हती असं नाही. आधीची एक-दोन मुलं दगावलेली असत. मग पुढच्याचं नाव असं ठेवायचं, की दृष्ट लावणाऱ्याला आणि मृत्यूलाही त्याचा मोह पडू नये. दगडासारखा टिको, केरात टाकलेला समजून कुणी त्याच्याकडे बघू नये. सरकारी रुग्णालयात काम करताना मी आजोबांच्या वयाचे असे अनेक दगडू आणि धोंडू पाहिले. प्रत्येक वेळी वाटलं, की या नावामागे एक न जगलेलं भावंड उभं आहे.

बारसं बाराव्या दिवशी करण्यामागची धार्मिक कारणं जाणकार सांगतील. पण डॉक्टर म्हणून तो हिशेब मला फार बोलका वाटतो. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या नवजात बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाळं पहिल्याच आठवड्यात जातात. नाळ अस्वच्छ पात्यानं कापली किंवा तिच्यावर शेण-माती लावली, तर होणारा नवजात धनुर्वात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसतो. पाचवी पुजायची, सटवाईची रात्र जागवायची आणि बाळ त्यातून तरलं की मगच त्याला नाव द्यायचं, या क्रमात एका समाजाची भीती साठलेली आहे.

ती भीती आता पुष्कळ ओसरली आहे. १९७१ मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत हा आकडा २८ वर आला होता आणि महाराष्ट्रात १६ वर. माता व नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनाचं उद्दिष्ट भारतानं २०१५ मध्ये गाठलं. गरोदरपणातलं धनुर्वाताचं इंजेक्शन, दवाखान्यातली बाळंतपणं आणि स्वच्छ ब्लेड यांची ही कमाई आहे.

त्यामुळे एखादा तरुण बाप मोबाइलवर रात्र-रात्र जागून नाव शोधतो, तेव्हा मला त्याचं हसू येत नाही. मूल जगणारच, हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. त्याच्या पणजोबांना ती चैन परवडत नव्हती.

सगळेच वेगळे, म्हणून सगळे सारखे

अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. प्रत्येकाला ‘हटके’ नाव हवं असतं, पण कानाला गोड वाटणारे आवाज त्या-त्या काळात सगळ्यांना तेच असतात. कुणी रेयांश ठेवतं, शेजारच्या खाटेवर रियांश असतो आणि पलीकडे रिवांश. कियान, विआन, रिआन. पूर्वी वर्गात चार संतोष असायचे, पण ते चौघे संतोष आहेत हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि त्यांना आडनावानं ओळखलं जायचं. आज नावं वेगळी आहेत असं आपण समजतो आणि एका अक्षराच्या फरकावर विसंबतो.

औषधांच्या बाबतीत हा धोका आम्हाला चांगला परिचयाचा आहे. दिसायला किंवा ऐकायला सारखी नावं असलेल्या औषधांची वेगळी यादी ठेवतात, ती कपाटात एकमेकांशेजारी ठेवत नाहीत. कारण घाईत, रात्रपाळीत, गोंगाटात माणूस नावाचा पहिला आणि शेवटचा आवाजच ऐकतो. माणसांच्या नावांनाही हेच लागू पडतं.

नवजात बाळाला तर नावच नसतं. त्याच्या मनगटावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असतं. माझ्या उमेदवारीच्या काळात मी एका रुग्णालयात होते. तिथे एकाच रात्री एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बाळंतिणी होत्या. एका बाळासाठी काढलेलं अँटिबायोटिक दुसऱ्या पाळण्यापर्यंत पोचलं होतं. वयस्कर सिस्टरनी टोचण्याआधी वजन पुन्हा विचारलं, आकडा जुळला नाही आणि हात थांबला. त्या रात्रीनंतर मी नावावर कधीच एकट्यानं विश्वास ठेवला नाही.

न्यू यॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयात यावर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे नवजात बाळांची नोंद आधी नुसती ‘बेबीबॉय’, ‘बेबीगर्ल’ अशी होत असे. त्यात आईचं पहिलं नाव जोडायला सुरुवात केल्यावर एका बाळाच्या सूचना चुकून दुसऱ्याच्या नोंदीत जाण्याचं प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झालं. बाकी काही बदललं नव्हतं. म्हणून बाळाच्या हातातली ती पट्टी टोचते, लाल वळ उठतो म्हणून घरच्यांनी कापून टाकू नये. सिस्टरना सांगा, त्या सैल करून देतील. औषध देताना कुणी नाव विचारलं तर नुसतं ‘हो’ म्हणू नका. पूर्ण नाव आपल्या तोंडानं सांगा.

वेगळं आणि अवघड यांतला फरक

"वेगळ्या नावाचा मुलाच्या मनावर परिणाम होतो का हो?" हा पुढचा प्रश्न. सायमन लाहम, पीटर कोवल आणि अ‍ॅडम ऑल्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या नावांचा उच्चार सोपा, त्या नावांच्या माणसांबद्दल लोकांचं मत नकळत अधिक अनुकूल होतं, असं त्यांना आढळलं. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नाव किती लांब आहे, किती दुर्मीळ आहे किंवा किती परकं आहे यावर हा परिणाम अवलंबून नव्हता. तो उच्चाराच्या सोपेपणाचा होता. म्हणजे नाव वेगळं असण्यात काही बिघडत नाही. ते जिभेवर बसत नसलं, तर मात्र थोडा भार मुलाला वाहावा लागतो.

ओपीडीत मी पाहते तेही याच्याशी जुळणारं आहे. आठ-दहा वर्षांची मुलं स्वतःचं नाव सांगताना खाली बघतात, तेव्हा विचारलं की कळतं, वर्गात त्या नावाला यमक जुळवून चिडवलं जातं. अर्थात ‘अमोल’ नावालाही यमक जुळतंच. चिडवणं थांबवायचं असेल तर शिक्षकांशी बोलावं लागतं, नुसतं नाव बदलून भागत नाही. पण नाव ठेवायच्या आधी घरातल्या सातवी-आठवीतल्या एखाद्या भाच्याला ‘या नावाला काय चिडवता येईल रे?’ असं विचारून बघावं. मोठ्यांच्या डोक्यात जे येत नाही ते त्याला अर्ध्या मिनिटात सुचतं.

मुलग्याच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी लक्षात घेत नाही. त्याचं नाव उद्या त्याच्या मुलांच्या नावामागे मधलं नाव म्हणून लागतं. मुलगा आज गोंडस वाटणारं जे नाव घेऊन पाळण्यात आहे, ते तीस वर्षांनी कुणाच्या तरी दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘वडिलांचे नाव’ म्हणून छापलं जाणार आहे. तेव्हा ‘चिंटू’ला जरा थांबवावं.

राशीचं अक्षर हाही एक पेच असतो. आर्द्रा नक्षत्राच्या एका चरणाचं अक्षर ‘ङ’ आहे, हस्त नक्षत्राच्या एका चरणाचं ‘ण’. या अक्षरांनी सुरू होणारं मराठी नाव आणायचं कुठून? मग काहीतरी घडवलं जातं आणि संकेतस्थळावर त्याचा अर्थ ‘गणपतीचं एक नाव’ असा सापडतो. परंपरेनं यावर फार पूर्वीच उत्तर काढून ठेवलं आहे. पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं. ज्यांना दोन्ही सांभाळायचं आहे त्यांनी तसं करावं.

कान आधी, नाव नंतर

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. बाळाला आपलं नाव कधी कळतं? १९९५ मध्ये अमेरिकेत मँडेल, युस्चिक आणि पिसोनी यांनी साडेचार महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. स्पीकरवरून बाळाचं स्वतःचं नाव आणि इतर नावं ऐकवली. त्यातली काही तशाच ठेक्याची होती. बाळं स्वतःच्या नावाकडे अधिक वेळ लक्ष देऊन होती. त्या वयात बाळाला नावाचा अर्थ ठाऊक नसतो, ‘हा मी’ हेही कळत नसतं. पण तो आवाज त्याच्या मेंदूनं ओळखीच्या कप्प्यात ठेवलेला असतो.

ही ओळख आयुष्यभर पक्की होत जाते. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी प्रौढांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एकाच कानाकडे लक्ष द्यायला सांगितलं. दुर्लक्षित कानात आलेलं इतर जवळजवळ सगळं वाया गेलं, पण स्वतःचं नाव मात्र साधारण एक तृतीयांश लोकांनी टिपलं. लग्नाच्या मांडवातल्या गोंधळातही आपलं नाव कुणी उच्चारलं की मान वळते, ती यामुळेच. अतिदक्षता विभागात बेशुद्ध माणसाला आम्ही सर्वांत आधी त्याच्या नावानं हाक मारतो, तीही घरात मारतात त्या नावानं.

आता लक्षात घ्या, साडेचार महिन्यांच्या बाळाला नाव सोपं की अवघड याच्याशी काही देणंघेणं नसतं. ‘हृ’ लिहिताना मोठ्यांची तारांबळ उडते. बाळाला तो फक्त वारंवार ऐकू येणारा एक आवाज असतो. साधारण नऊ महिन्यांपर्यंत बाळ हाकेला मान वळवू लागतं आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत तर ते व्हायलाच हवं. घरात चार लाडाची नावं असली तरी त्यातल्या सर्वांत जास्त वापरातल्या नावाला ते प्रतिसाद देतंच. वर्षाचं मूल कुठल्याच नावाला ओ देत नसेल, तर दोष नावाचा नाही. त्याला ऐकू येतं का, हे आधी तपासायला हवं. ऐकू येत असूनही प्रतिसाद नसेल तर स्वमग्नतेसारख्या वाढीच्या वेगळेपणाची तपासणी करावी लागते. दोन्हींत उशीर महाग पडतो.

जन्मजात लक्षणीय बहिरेपण दर हजार नवजात बाळांत एक ते तीन बाळांना असतं. ते दिसत नाही. बाळ हसतं, रडतं, हुंकार देतं, डोळ्यांनी सगळं टिपतं. दार आपटल्याचा हादरा त्याला अंगानं जाणवतो आणि ते दचकतं. म्हणून ‘थाळी वाजवली तर बघतो की’ या भरवशावर राहू नये. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. एक, तीन, सहा. एका महिन्याच्या आत श्रवणचाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. पहिली चाचणी ओएई. बाळ झोपलेलं असताना कानात छोटी प्रोब ठेवून काही मिनिटांत ती होते, दुखत नाही. शंका आली तर बेरा ही पुढची तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा तिथल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात याची चौकशी करा.

घरी एक साधी परीक्षा करता येते. टीव्ही बंद करा. मूल खेळात असताना त्याच्या मागे, ते बघू शकणार नाही अशा जागी उभे राहा. टाळी वाजवू नका, जमिनीवर पाय आपटू नका, सावली पडू देऊ नका. रोजच्या आवाजात, रोजच्या नावानं हाक मारा. दिवसातून वेगवेगळ्या वेळी करून पाहा. प्रतिसाद नसेल तर ‘तंद्रीत आहे’ म्हणून सोडून देऊ नका. मात्र मूल वळलं म्हणजे दोन्ही कान पूर्ण ठीक आहेत असंही नव्हे. कमी प्रमाणातलं किंवा एका कानाचं बहिरेपण असं पकडलं जात नाही. चाचणी करायचीच.

कागदावर एकदाच

शेवटी कागदांबद्दल. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्या वेळी नाव ठरलेलंच असलं पाहिजे असं नाही. नावाविना झालेल्या नोंदीत वर्षभरात विनाशुल्क नाव घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून बाळंतिणीच्या खाटेशी, क्लार्क पेन घेऊन उभा आहे म्हणून घाईत नाव सांगू नका. कारण एकदा ते लिहिलं की बदलणं सोपं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा मुख्य पुरावा जन्माचा दाखलाच आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. मुलाचं नाव लांबलचक असेल तर ही चार नावं अर्जाच्या चौकोनांत बसतात का, तेही एकदा लिहून बघा.

नाव ठरलं की ते मराठीत आणि इंग्रजीत कसं लिहायचं हे एका कागदावर लिहा आणि तो कागद बाळाच्या फाइलमध्ये ठेवा. लसीकरणाच्या कार्डावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि शिधापत्रिकेवर ‘बाळू’ असलं, की सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया मंजूर करताना तीन वेगळी मुलं आहेत की काय असा प्रश्न संगणकाला पडतो. प्रतिज्ञापत्रासाठी बापाचे दोन दिवस आणि दोन मजुऱ्या जातात. हे नुकसान वेगळ्या नावाचं नसतं, वेगवेगळ्या लिहिण्याचं असतं.

त्या चौदा महिन्यांच्या मुलाच्या बाबतीतही कागदांची ही धावपळ झालीच. दोन ठिकाणी ‘हृ’ वेगवेगळा लिहिलेला होता. पण पावणेदोन वर्षांचा असताना त्याच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसलं. यंत्र सुरू झालं म्हणजे मूल लगेच बोलू लागतं असं नाही. आवाज म्हणजे काय, हेच त्याला पहिल्यापासून शिकायचं असतं. आठवड्यातून दोनदा आई त्याला एसटीनं श्रवण-वाचा उपचारांसाठी घेऊन यायची. सहा महिने आधी निदान झालं असतं तर ही वाट थोडी कमी चढाची असती, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

बऱ्याच महिन्यांनी ते मला भेटायला आले. मुलगा माझ्या टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढण्यात गुंग होता. दारातून वडिलांनी हाक मारली, पूर्ण नावानं, दोन्ही जोडाक्षरांसकट. तो वळला.

आजी म्हणाल्या, "आता बाळ्या म्हटलं तरी वळतो." आणि मग थोडं थांबून, "नाव तसं चांगलंय हो. मलाच म्हणता येत नव्हतं."